झाकणावरचं पाणी

त्या दिवशी योहेइला तसं एकच काम होतं. खाडीत नांगरलेल्या जुन्या बोटीवर जायचं, तळातल्या झडपा फिरतात का ते पाहायचं, आणि गंजून बसल्या असतील तर तेल सोडून मोकळ्या करायच्या. दुपारच्या भरतीला त्या झडपा उघडल्या की बोट आपल्या जागी बसणार होती. मोठ्या भूकंपाच्या लाटेत गावाचा धक्का वाहून गेला होता. नव्या धक्क्याला गावाकडे पैसा नव्हता, म्हणून मोडीत निघालेल्या विनाशिकेचं रिकामं धूड घ्यायचं, त्यात दगड भरायचे आणि खाडीच्या तोंडाशी बुडवायचं, असं ठरलं होतं.

नेमका बोनच्या सणाचा पहिला दिवस. संध्याकाळी दारादारांत तागाच्या काड्या पेटणार, त्या उजेडात गेलेली माणसं घरी येणार. अशा दिवशी बोट बुडवायची म्हणून बायका कुरकुरल्या होत्या. पण सरपंच म्हणाले, "बोन झाला की वादळं सुरू होतात. वादळ काय सणवार बघून येतं?"

योहेइनं तेलाचा डबा उचलला. नुईनं, त्याच्या बायकोनं, फडक्यात बांधलेला जेवणाचा डबा पुढे केला. मग दुसरा.

"हा कुणाचा?" योहेइनं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"तुम्ही तिकडेच निघालात," नुई म्हणाली, "तर त्याचा तिथेच नेऊन द्या. आज इथे पान मांडत नाही."

त्यांचा मुलगा इसाकु त्या बोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा ओढणारा. अठरा वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, बोट पूर्ण वेगात असताना बॉयलरची नळी फुटली आणि मागच्या बॉयलरखान्यातले पाचही जण वाफेत गेले. चूक कुणाचीच नव्हती. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली अस्थींची पेटी घरी आली. भिक्षूनं मृताचं नाव लिहिलेली पाटी करून दिली. नुईनं ती पाटी देव्हाऱ्यात ठेवू दिली नाही. कपड्यांच्या कपाटात, सगळ्यांत खाली ठेवून दिली.

घरचं माणूस दूर गेलं की त्याच्या नावानं रोज पान मांडायचं, म्हणजे तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही, अशी तिथली रीत. सार वाढून वाडग्यावर झाकण ठेवायचं, थोड्या वेळानं उचलून बघायचं. झाकणाला आतून पाण्याचे थेंब असले तर माणूस जिथे आहे तिथे सुखरूप आहे. इसाकु बोटीवर गेला तेव्हापासून नुई हे करत होती. पेटी आली त्या दिवशीही तिनं झाकण उचललं होतं. थेंब होते. दुसऱ्या दिवशीही होते. अठरा वर्षं रोज होते.

"गरम सारावर झाकण ठेवलं तर पाणी सुटणारच," असं योहेइ एकदा, फार पूर्वी, म्हणाला होता. नुई तेव्हा शांतपणे म्हणाली होती, "सुटतं ना? मग झालं." त्यानंतर तिनं बरेच दिवस त्याच्याशी शब्द काढला नव्हता.

आता ती उंबऱ्यात उभी राहिली. "अहो," ती म्हणाली, "आज बोट बुडवणार. मग त्यानं कुठे राहायचं?"

"नुई, तो तिथे नाही."

"त्याला घेऊन या."

"मी काय आणू? पेटी आली होती की."

"पेटीत काय होतं ते तुम्ही उघडून बघितलंत?"

योहेइनं बघितलं नव्हतं. तो दोन्ही डबे घेऊन उतरणीला लागला.

खाडीत वारा नव्हता. पाण्यावर उन्हाची धग होती आणि तिच्यातून बोट थरथरल्यासारखी दिसत होती. चारांपैकी तीन धुराडी कापून नेलेली. तोफा नाहीत, डोलकाठी नाही. बोटीचं नाव 'उसुगिरी' म्हणजे विरळ धुकं. नाकावरची अक्षरं केव्हाच खरवडून काढलेली. पण ते नाक योहेइनं कुठेही ओळखलं असतं. कासवाच्या पाठीसारखं गोल, बसकं. लाट वरून घरंगळून जावी म्हणून तसं केलेलं. प्रत्यक्षात लाट घरंगळत वगैरे नसे, सरळ आत येई, आणि त्या पाठीखाली झोपणारी पोरं हिवाळाभर ओल्या पांघरुणात कुडकुडत.

ही बोट त्याच्या डोळ्यांसमोर बांधली गेली होती. अशा बोटी आधी विलायतेहून येत. मग आपल्याकडच्या साहेब लोकांनी त्यांची मापं घेतली, एकीचं नाक आणि दुसरीचे बॉयलर असं जुळवून आराखडे काढले, आणि गोदीत पहिल्यांदा घरची विनाशिका बांधायला घेतली. योहेइ बॉयलरवर रिपिटा मारायचा. बोटीचा पत्रा इतका पातळ की आत उभं राहून तळहात टेकला तर पलीकडचं पाणी हाताला गार लागे. बोट पाण्यात सोडली तेव्हा लहानगा इसाकु त्याच्या खांद्यावर बसून ओरडत होता. आपल्या बाबानं केलेल्या बोटीवर जायचं हे त्यानं बहुधा तेव्हाच ठरवलं.

"या काका," बोटीवरून गोन्झोनं हात दिला. "दोन दोन डबे? काकूंनी माझीपण आठवण काढली म्हणायची."

"तुझा नाही तो."

गोन्झोनं डब्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. तो याच बोटीवर आगवाला होता. त्या दिवशी त्याची पाळी पुढच्या बॉयलरखान्यात होती, म्हणून आज तो बोटीची राखण करायला शिल्लक होता.

"झडपा बघून घ्या," तो जरा वेळानं म्हणाला. "मी दगड भरलेले पडाव आणायला किनाऱ्यावर जाऊन येतो. मागच्या बॉयलरखान्याचं झाकण सकाळीच उघडून ठेवलंय. आत फार कोंदट वास मारतोय."

"हं."

"काय?" गोन्झोनं कानामागे हात धरला. "जरा मोठ्यानं बोला. पंख्यानं कान घालवलेत माझे."

"काही नाही म्हटलं."

"आम्हा सगळ्यांचेच घालवले. त्या मानानं मी बरा. सेन्ताचं काय झालं होतं... इसाकुच्या पाळीत होता बघा, बर्फातल्या मुलखातला, दांडगा. ठार बहिरा झाला होता. पंखा थांबला तरी पठ्ठ्या कोळसा ओढतोय आपला. त्याला खांद्याला हात लावून सांगायला लागायचं, बाबा रे, थांबलं, चल वर. इसाकुच सांगायचा. आम्ही चिडवायचो, लग्न लावून टाका दोघांचं." तो हसला, मग हसू तसंच अर्धं राहिलं. "असो. येतो मी."

होडी वल्हवत तो निघून गेला.

पंख्याचं योहेइला कुणी सांगायला नको होतं. बोटीला पूर्ण वेगानं पळवायचं तर भट्ट्यांना साधा वारा पुरत नाही. म्हणून बॉयलरखान्याची झाकणं घट्ट लावायची आणि पंख्यानं आत वारा कोंडायचा. तो कोंडलेला वारा भट्ट्यांतून वाट काढत धुराड्याकडे धावतो आणि आग पांढरी होते. पण अशा वेळी कुणी झाकण उघडलं तर वारा भलतीकडून निसटतो, आणि भट्टीतली ज्वाळा मागे फिरून माणसांच्या तोंडावर येते. म्हणून झाकण आतल्या बाजूला उघडेल असंच केलेलं. आतला वाराच त्याला दाबून धरी. पंखा थांबल्याशिवाय ते कुणाला उघडत नसे. आत काय वाटेल ते झालेलं असो.

आतल्यांनी फावड्यानं ठोकायचं, दोन ठोके सावकाश आणि मग एक घाईचा. म्हणजे पंखा थांबवा. पंखा थांबला की वरच्यानं झाकणाशी तोंड नेऊन हाळी द्यायची. त्या दिवशीही ठोके ऐकू आले होते म्हणतात. पंखा थांबून झाकण उघडेपर्यंत आत सगळं शांत झालं होतं.

योहेइ इंजिनाच्या रिकाम्या खान्यात उतरला. झडपा जड होत्या, पण तेल सोडल्यावर हलल्या. वरच्या भोकांतून उन्हाचे कवडसे तळाच्या पाण्यात पडले होते. पाण्यावर तेलाची साय. गंजाचा, शेवाळाचा आणि ओल्या कोळशाचा वास. त्यानं हात पुसले, आपला डबा सोडला. जवाचा भात आणि मुळ्याचं लोणचं. दुसरा डबा त्यानं मांडीशी ठेवला होता.

पहिला घास तोंडात असतानाच पलीकडून आवाज आला.

ठक्... ठक्... आणि लगेच, ठक्.

लोखंडी भिंतीच्या पलीकडे मागचा बॉयलरखाना होता. गोन्झो परत आला असेल, म्हणून योहेइ घास गिळून थांबला. पुन्हा तेच. दोन सावकाश, एक घाईचा. हा काही चेष्टा करायचा विषय नव्हता, आणि गोन्झो तसला माणूस नव्हता. योहेइ दुसरा डबा हातात घेऊन वर आला.

गोन्झोची होडी पार किनाऱ्याला लागलेली दिसत होती. माणूस पडावाजवळ उभा होता, बोटभर उंचीचा.

मागच्या बॉयलरखान्याचं झाकण बंद होतं.

गोन्झो उघडून ठेवलंय म्हणाला होता. योहेइ त्याच्यापाशी गुडघे टेकून बसला. झाकणाचा दांडा फिरला, सहज फिरला, पण झाकण आत जाईना. त्यानं दोन्ही हातांनी दाबलं. ते थोडंसं आत गेलं आणि परत वर आलं, हळूच, झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवावा तसं.

त्यानं हात काढून घेतला. मान वळवून पंख्याच्या जागेकडे पाहिलं. पंखा तिथे नव्हता. तांब्यापितळेबरोबर तो केव्हाच विकला गेला होता. उरलं होतं एक गोल भोक, त्यात चिमण्यांचं जुनं घरटं. तरी त्या भोकातून घुमल्यासारखा आवाज येत होता, खालच्या पट्टीतला, एकसारखा. घरट्यातली एक काडी वाऱ्यानं आतल्या बाजूला ओढली जात होती, हलत होती.

भरउन्हात योहेइच्या अंगावर काटा आला. पण त्याला जे झालं ते नुसतं भय नव्हतं. त्याला एकदम कळलं की आत कुणालाच काही कळलेलं नाही. पंखा चालूच आहे असं ते धरून आहेत. ठोकताहेत आणि वाट बघताहेत. आणि दरवर्षी बोनच्या संध्याकाळी सगळ्या गावातल्या मेल्यांना घरून बोलावणं जायचं, तेव्हा इसाकुला जात नव्हतं. तो जिवंत होता ना. त्याला रोज जेवण पोचत होतं. घरी ये, असं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यानं झाकणाशी तोंड नेलं. मुलाचं नाव ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते गोदीतलं, सवयीचं. बॉयलरखान्यातून एकट्या माणसाला नावानं कुणी बोलवत नाही, अपशकुन मानतात. बोलवायचं ते सगळ्यांना.

"पंखा थांबला..." योहेइ म्हणाला. "सगळे वर या..."

घुमणारा आवाज उतरत गेला. अगदी तसाच, पाती फिरता फिरता जड होतात तसा. मग थांबला. झाकण आपल्या वजनानं आत उघडलं.

गरम हवेचा एक लोट त्याच्या तोंडावर आला. कोळसा, घाम, भिजून वाळलेले कपडे. आत नुसता अंधार. शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या. योहेइ उठून बाजूला झाला. पाळी संपवून वर येणाऱ्यांना वाट द्यायची असते. तो पाठ टेकून उभा राहिला आणि त्याच्या समोरून, अगदी जवळून, गरम वारा गेला. पुन्हा गेला. त्यानं डोळे मिटून घेतले होते. एकदा त्या वाऱ्यात लिंबूसालीचा बारीक वास आला. इसाकु लहानपणापासून सुकवलेली युझूची साल गालात धरून ठेवायचा. आईनंच लावलेली सवय.

सगळं निवल्यावर त्यानं दुसरा डबा उघडला आणि झाकणाच्या तोंडाशी ठेवला. खाली आत कुठेतरी बारीक ठकठक होत होती. ऊन लागलं की लोखंड तसं बोलतं, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही.

दुपारी पडाव आले, दगड भरले गेले. भरती पुरेशी चढल्यावर योहेइनंच झडपा उघडल्या. बोट सरळ बसत गेली, मान खाली घालून बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी. पाणी आत शिरताना कसले कसले आवाज येत होते. बुडणारी बोट आवाज करतेच. किनाऱ्यावर लोकांनी हात जोडले. शेवटी उरलेलं एक धुराडं तेवढं पाण्यावर राहिलं.

"डबा राहिला काका तुमचा वर," होडीत गोन्झो म्हणाला.

"राहू दे."

घरी पोचला तेव्हा नुई काकडीला चार काड्या टोचून घोडा करत बसली होती. गेलेल्यांना लवकर येता यावं म्हणून घोडा. परत जाताना सावकाश जावं म्हणून वांग्याचा बैल. तो शेजारी करून ठेवलेला. दरवर्षी ती हे सासूसासऱ्यांसाठी करायची.

योहेइ पायरीवर बसला. "नुई," तो म्हणाला, "यंदा त्याच्यासाठीही काड्या पेटवू."

तिचे हात थांबले. तिनं तो हिरवा घोडा खाली ठेवला. मग म्हणाली, "आला का तो?"

"आला."

"काही बोलला?"

"नाही. युझूचा वास आला."

नुईनं मान हलवली. उठली, कपाटापाशी गेली, सगळ्यांत खालून ती पाटी काढली, पदरानं पुसावी तशी बाहीनं पुसली आणि देव्हाऱ्यात ठेवली. रडली नाही. नुसती एका हातानं देव्हाऱ्याची कड धरून उभी राहिली.

"एक सांगायचं राहिलं," योहेइ म्हणाला. "मी सगळ्यांना हाक मारली. गोदीत मारतात तशी."

"मग काय झालं? बाकीच्यांची घरं लांब. आज रात्री कुठे जातील?" नुई स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "पाच वाडगी आहेत. एकाला टवका गेलाय. चालेल ना?"

अंधारून आलं तशी दारात काड्या पेटवल्या. धूर सरळ वर गेला आणि मग, वारा नसताना, घराकडे वळला. पायरीजवळ पाय धुण्यासाठी पाण्याचं घमेलं ठेवलेलं होतं. समुद्रावरून दमून येणाऱ्यांसाठी तसं ठेवतात. काड्या विझेपर्यंत दोघं बसून राहिली. उठताना योहेइनं घमेल्यात पाहिलं. पाणी काळं झालं होतं, आणि तळाशी कोळशाची बारीक भुकटी बसत होती.

नुईनं ते पाहिलं. "दमलेत हो," एवढंच म्हणाली.

तिनं देव्हाऱ्यासमोर पाच पानं मांडली. टोफू घातलेलं वाफाळतं सार पाच वाडग्यांत वाढलं आणि पाच झाकणं ठेवली. इसाकुचं पान मधे. मग दोघं मागे सरकून बसली. शेजारच्या घरातून घंटेचा किणकिणाट येत होता, मुलांचं हसणं येत होतं.

"बघू?" नुईनं विचारलं.

"बघ."

तिनं मधलं झाकण उचललं. साराची वाफ वर आली. झाकण आतून कोरडं होतं, इतकं कोरडं की लाखेवरचा सोनेरी तुरा नव्यासारखा चमकला. नुईनं त्यावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. अठरा वर्षांत तिनं कोरडं झाकण पाहिलं नव्हतं.

"आला," ती म्हणाली. "आता कुठे नाही. आता इथेच." आणि मग तिचे डोळे भरून आले, आणि योहेइनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पेटी आली होती त्या दिवशी तिनं तो ठेवू दिला नव्हता.

जरा वेळानं तिनं दुसरं झाकण उचललं. कोरडं. तिसरं, कोरडं. चौथंही.

पाचवं, टवका गेलेल्या वाडग्याचं, तिनं उचललं आणि हात तसाच हवेत राहिला. झाकण थेंबांनी गच्च भरलेलं होतं. एक थेंब ओघळून चटईवर पडला.

"हा जो कुणी, तो आला नाही," नुई हळूच म्हणाली. "अजून तिथेच आहे... तुम्ही हाक मारलीत ना सगळ्यांना?"

"मारली."

"मग याला ऐकू कसं आलं नाही?"

योहेइनं दाराकडे पाहिलं. उघड्या दारातून खाडी दिसत होती, आणि तिच्या तोंडाशी पाण्यावर राहिलेलं एकुलतं धुराडं. भरती ओसरू लागली होती. लाटांचा आवाज थांबे तेव्हा मधल्या शांततेत तिकडून काहीतरी ऐकू येत होतं. दोनदा सावकाश... मग एकदा घाईनं.

त्याच क्षणी कुणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला. हलकेच, दोनदा, ऐकू न येणाऱ्याला सांगावं तसा.

तो वळला. मागे देव्हारा होता, पाच पानं होती, बाकी कुणी नव्हतं.

"हलू नका," नुई म्हणाली. तिनं दिवा जवळ आणला. सणासाठी धुऊन काढलेल्या त्याच्या पांढऱ्या अंगरख्याच्या खांद्यावर पाचही बोटं उमटली होती, काळी, ओली आणि अजून गरम.